हडळ माहेरी गेलीच न्हवती

वैनी,

तू कापूस वेचायला गेलीस आन् माज्या देवगाव फाट्याच्या गाडीची येळ झाली, म्हणून लिहून ठेवते.

दिवाळी अंकाच्या मागच्या पानावर जाहिरात हाय बघ. आपल्या हडळीच्या कादंबरीचा दुसरा भाग पुढच्या दिवाळीला निघायलाय! ती अजून पुण्याच्या टेलिफोन ऑफिसातच लोकांचे नंबर जोडायलीय म्हणे.

आता तू स्वतः वाचतीस, म्हणून आधीच कबूल करते. पहिल्या भागात ती माहेरी गेलीच न्हवती. माज्या लग्नाआधी चुलीपुढं मी वाचायचे, तू भाकरी थापायचीस. लय सुखाचे दिवस होते. शेवट आला त्या सांजेला तुजे डोळे भरले, भाकर तव्यावर करपली, आन् खरा शेवट वाचायला माजी जीभ रेटली न्हाई. मीच तिला माहेरी पोचवलं.

तुला मातर सात दिवाळ्या इथंच अडकवलं. मी नणंद येणार म्हणून तू घरात. पुढच्या दिवाळीला मी येणार न्हाई. तू गंगाखेडला तुज्या आईकडं जा, दादाला सांगितलंय. पुस्तक तिथंच धाडते. शेवट काय झाला ते कळव, पण खरा कळव.

तुजी कोकिळा