दर पंधरा मिनिटांनी

प्रिय भिंगरी,

परवा तुझा फोन आला तेव्हा दूध उतू जातंय असं सांगून मी तो घाईघाईने ठेवला. गॅसवर दूध नव्हतं, काहीच नव्हतं. इतक्या वर्षांच्या मैत्रीत तुला मारलेली ही पहिलीच थाप, असं लिहिणार होते, पण तेही खरं नाही. तुझ्या त्या पिवळ्या कोटाला मी छान म्हटलं होतं. तू इतकी खुशीत होतीस की माझा आवाज बदललाय हे तुझ्या लक्षातच आलं नाही. एरवी समोरचा नुसता खाकरला तरी तो का खाकरला हे ओळखणारी तू. फोनवर तू मधे मधे बोलतेस आणि मला जे सांगायचं असतं ते राहून जातं, म्हणून सरळ कागद घेऊन बसले.

आधीच सांगून टाकते, लेकीसाठी शब्द टाकायला हे पत्र लिहीत नाहीये. शुक्रवारी तुम्ही तिघं भागीदार बसणार, एकाचं हो आहे, एकाचं नाही, आणि तुझा हात वर गेला तरच तिच्या कंपनीत पैसे येणार, हे मला ठाऊक आहे. नाही आले तर दोन महिन्यांत तिला कुलूप लावावं लागेल आणि एकेचाळीस माणसं घरी बसतील, हेही ठाऊक आहे. मोठ्या कंपनीतली नऊ वर्षांची नोकरी आणि विभागप्रमुखाची खुर्ची सोडून तिने लसी वाहून न्यायचे ते थंड डबे बनवायला घेतले, तेव्हा मी तिला वेड्यात काढलं होतं. विजेशिवाय बारा तास लस थंड राहते म्हणे त्यांत. तुला मावशी म्हणत मोठी झालेली पोर, पण अर्ज केला तो चारचौघांसारखा. तुला एक फोन केला नाही. आणि तूही शेवटापर्यंत तिच्या फायलीपासून चार हात लांब राहिलीस. तुम्ही दोघी एकाच हट्टाच्या आहात, मधल्यामधे माझा जीव टांगणीला लागतो.

कालपासून आपलं जुनं काउंटर सारखं डोळ्यांपुढे येतंय. पंप बनवणाऱ्या त्या कंपनीत आपण दोघी एकाच सोमवारी कामाला लागलो. दोन खुर्च्या, एक टेलिफोनचा बोर्ड, येणाऱ्याजाणाऱ्यांची नावं लिहायचं एक जाडजूड रजिस्टर आणि समोर पाहुण्यांसाठी सहा खुर्च्या, त्यातली एक डुगडुगणारी. तुझा पाय जमिनीवर ठरायचा नाही, फिरत्या खुर्चीचा तू पार खुळखुळा करून टाकलास, म्हणून तू भिंगरी. आणि मी घड्याळ, कारण माझी ती सवय. कुणी वाट बघत बसलं असेल तर दर पंधरा मिनिटांनी मी काउंटरमागून उठायची, त्याच्यापर्यंत चालत जायची आणि सांगायची, तुम्ही बसला आहात हे आमच्या लक्षात आहे. बातमी काही नसायची. साहेब अजून मोकळे नाहीत, एवढंच. तू सुरुवातीला माझी टर उडवायचीस, की नवीन काही सांगायचं नाही तर उगाच पाय कशाला झिजवायचे. मला तरी कुठे माहीत होतं? लहानपणी वडिलांबरोबर एका दवाखान्यात सबंध दिवस बसले होते आणि कुणी आमच्याकडे पाहिलं नव्हतं, एवढंच काय ते कारण.

पण खरी गंमत त्या रजिस्टरची. मी रोज त्यात सुंदर अक्षरात नावं लिहायची आणि पान उलटायची. तू एके दिवशी मागची सगळी पानं चाळत बसलीस. मला वाटलं, कुणी देखणा विक्रेता शोधतेयस. तू शोधून काढलंस की एकाच सूतगिरणीचा माणूस दर चौथ्या आठवड्याला येतो, त्याच्या खालोखाल दोन कागद कारखान्यांची माणसं येतात, आणि सगळ्यांची तक्रार एकाच जातीच्या पंपाची असते. ते रजिस्टर काखेत मारून तू थेट विक्रीच्या साहेबांच्या दारात उभी राहिलीस. साहेब आधी हसले. आठ दिवसांनी त्या पंपाचं झाकण बदललं आणि तीन महिन्यांनी तुझी खुर्ची रिकामी झाली, कारण तू विक्री विभागात गेलीस. तीच पानं मी लिहिली होती, भिंगरे. मी लिहिली आणि तू वाचलीस. तेव्हा तोंडात बोट घातलं ते अजून बाहेर काढायला मला सवड मिळालेली नाही.

पुढचं सगळं मी काउंटरमागून पाहिलं. तू अंगावर वंगणाचे डाग घेऊन परत यायचीस आणि माझ्याकडच्या पिंपातलं पाणी उभ्याउभ्याच प्यायचीस. बत्तीसाव्या वर्षी तू अख्ख्या विभागाची मुख्य झालीस. मग सगळ्यात वरची खुर्ची रिकामी झाली आणि ती तुला मिळणार म्हणून मी फुलंही सांगून ठेवली होती. ती मिळाली तूच हाताखाली शिकवून तयार केलेल्या माणसाला. तू रडशील, निदान आदळआपट करशील म्हणून मी दुपारभर रुमाल घेऊन बसले. तू खाली आलीस, माझी फुलं उचललीस आणि त्यालाच नेऊन दिलीस. वर्षाचं ठरलेलं काम पुरं केलंस आणि मगच राजीनामा दिलास. मला नाही जमलं असतं ते. मी त्याला निदान डुगडुगणाऱ्या खुर्चीत तरी बसवलं असतं.

छापखान्याच्या माडीवरच्या त्या दोन खोल्या आठवतात ना? कुणाच्याही बनावटीचा पंप दुरुस्त करून मिळेल, अशी पाटी लावून तू बसलीस. खाली यंत्र सुरू झालं की वर टेबलावरचे कागद आपोआप सरकायचे; तू त्यांवर पंपाचे सुटे भाग ठेवायचीस. मला म्हणालीस, ये, निम्मी निम्मी. मी नाही म्हटलं. पदरात लेक होती, ह्यांची फिरतीची नोकरी, आणि माझ्या पेन्शनला अजून बरीच वर्षं होती. तरी शनिवारी येऊन तुझे फोन घ्यायची, आणि लेक टेबलाखाली बसून जुन्या पंपांची झाकणं उघडझाप करायची. हेवा वाटला का असं तू एकदा विचारलं होतंस आणि मी हसण्यावारी नेलं होतं. एकदाच वाटला. वर्तमानपत्रातल्या मुलाखतीत तू म्हणालीस की, हे सगळं मी एका सहकारी बाईंकडून शिकले. बाईंना नाव आहे, असं त्या दिवशी मी भांडी घासताना दोन-तीनदा मोठ्याने म्हटलं.

एकाच आठवड्यात तुझी दोन मोठी गिऱ्हाइकं सुटली, ती वेळ मी विसरणार नाही. त्यातल्या एकाच्या कचेरीत तू सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसून राहिलीस. आलीस तेव्हा तुझा चेहरा पार उतरलेला होता. म्हणालीस, दिवसभरात कुणीही उठून आलं नाही गं, मला सारखी तू आठवत होतीस. पुढे वर्षभरात ती कंपनी बुडाली आणि तू म्हणालीस, मला त्या खुर्चीवरच कळलं होतं. मग तुझी दुरुस्तीची कंपनी वाढत वाढत सहा शहरांत गेली, ती विकतानाही दोन वर्षं एकालाही काढायचं नाही अशी अट तू लिहून घेतलीस, आणि आता ही बाई निवांत बसेल असं सगळ्यांना वाटत असताना तू दुसऱ्यांच्या कंपन्यांत पैसे घालायला लागलीस. पण पैसे घालण्याआधी, कागदपत्रं, वकील, सगळं आटोपल्यावर, तू एक शेवटचं काम करतेस. साधे कपडे, चपटे बूट घालून, कापडी पिशवी घेऊन न कळवता तिथे जातेस, खरेदी विभागाला भेटायचंय असं सांगतेस आणि तास-दीड तास नुसती बसतेस. जिच्याकडून आपल्याला काहीएक मिळायचं नाही अशा बाईला ही माणसं कशी वागवतात, ते बघतेस. तुझ्या भागीदारांनाही हे माहीत नाही. जगात फक्त मला सांगितलंस.

मागच्या साली तुझ्या बाविसाव्या मजल्यावरच्या कचेरीत आले होते, तेव्हा काचेच्या दारावरचं तुझं नाव मी बोटाने चाचपून पाहिलं. रखवालदाराला वाटलं असेल, म्हातारी काच पुसतेय. तू मला कोपऱ्यात बसवलंस आणि समोर ती दोन तरुण मुलं पडद्यावर चढते आलेख दाखवत होती. तू हळूच त्यांचा लॅपटॉप मिटलास आणि विचारलंस, तुमच्याकडून सोडून गेलेला पहिला माणूस का गेला? एकाने काहीतरी गोड सांगितलं. दुसऱ्याचे कान लाल झाले आणि तो म्हणाला, माझ्यामुळे गेला, मी त्याचं ऐकून घेत नव्हतो. तू त्या लाल कानांवर विश्वास ठेवलास. मी कोपऱ्यात बसून हे सगळं पाहत होते. ज्या काउंटरमागे बसून मी पस्तीस वर्षं माणसं पाहिली, त्याच काउंटरमागून उठून तू कुठवर गेलीस, आणि तरी बघतेस तशीच, त्याच उंचीवरून.

आता जे लिहायला बसले ते. महिन्यापूर्वी मी लेकीला डबा द्यायला तिच्या कचेरीत गेले होते. ती कारखान्यात होती, म्हणून बाहेर बसले. शेजारच्या खुर्चीवर एक नर्स होती, कुठल्याशा लांबच्या दवाखान्यातून बसने आलेली, मांडीवर आमचाच थंड डबा. त्याचं झाकण नीट बसत नव्हतं. ती दोन तास बसली. काउंटरवरची पोरगी वाईट नाही, तिच्या डोक्यावर फोन आणि कुरिअर दोन्ही, पण ती एकदाही उठली नाही. शेवटी नर्सने घड्याळ पाहिलं, बस चुकेल म्हणाली आणि डबा तसाच उचलून निघून गेली. आणि मी? मी, घड्याळ, शेजारी बसून होते. हे काउंटर काही माझं नाही, असं मनाशी म्हणत राहिले. लेकीलाही सांगितलं नाही, ती आधीच काळजीत होती.

आणि मग मागच्या एका फोनवर तू म्हणालीस की पुढच्या आठवड्यात तुमच्या बाजूला येणार आहे, आणि तू कशाला येणार हे मला लगेच कळलं. लेक सकाळची कारखान्यात असते, म्हणजे तूही सकाळीच जाणार. मी तीन सकाळी तिच्या कचेरीत गेले आणि त्या पोरीला सगळं शिकवलं, कसं उठायचं, किती जवळ जायचं, काय म्हणायचं. एक बाई येईल, कापडी पिशवी, चपटे बूट, असंही सांगितलं. त्या नर्ससाठी मी खुर्चीतून हलले नव्हते, तुझ्यासाठी तीन दिवस हेलपाटे घातले. लेकीला यातलं अक्षरही माहीत नाही. परवा तू आनंदाने सांगत होतीस, बरोबर पंधरा मिनिटांनी ती पोरगी उठून आली आणि मला तू दिसलीस गं, लेकीने आईचं घेतलंय, शुक्रवारी माझा हात वर. तुझी नजर चुकली नाही, भिंगरे. तुला मी दिसले, कारण ती मीच होते. म्हणून शुक्रवारच्या आत पुन्हा एकदा जा, आणि कधी जाणार ते मला सांगू नकोस. दुसरे कपडे घाल, तो पिवळा कोट घातलास तर कुणी ओळखणार नाही. आधी नाव लिहायला म्हणून तिथलं रजिस्टर मागून घे आणि मागची पानं वाच. त्या नर्सचं नाव त्यात आहे, आणि तिच्यासारखी आणखी किती आहेत ते तुला दिसेल, मला कधी दिसलं नसतं. मग खुर्चीवर बस. पंधरा मिनिटं झाली आणि कुणी उठलं नाही, तर तू ऊठ आणि निघून जा. मी तुला कधीच काही विचारणार नाही.

तुझीच,
घड्याळ