सीटखालची वायर

मंगळवार, संध्याकाळ. भंडारदरा.

डोकं अजून तापलंय. जेवायलाबी गेलो न्हाई.

रिसॉर्टचं बसून चालवायचं गवत कापायचं मशीन. उतारावर सारखं बंद पडायचं. मॅनेजर म्हणायचा, "पाथर्डीवरून आलास, ऊसतोडीचा कोयता सोडून काय चालवलंय तू?" आज फिटर आला. गडी चांगला जाडजूड. तो बसला तर मशीन एकदाबी बंद पडलं न्हाई.

हसून म्हणाला, "साहेब, पोरगं लई हलकं हाय. सीटखाली स्विच असतो, माणूस उतरला की मशीन बंद करतो. हे जरा उसळलं की स्विचला वाटतं, उतरलं."

सगळे हसले. मीबी हसलो. कशाला हसलो? त्यानं वायरीचा तुकडा जोडून स्विच डायरेक्ट केला, म्हंजी सीटवर कुणी नसलं तरी मशीन चालूच. "आता पळव बिनधास्त!"

दुपारी उतारावर मी सीटवरून घसरून पडलो. मशीन थांबलंच न्हाई. पातं फिरतच होतं. पाय ओढून घेतला म्हणून वाचला, चप्पल आत गेली. मॅनेजर पळत आला. वाटलं, मला उचलायला. तर म्हणतो, "मशीनला काय झालं नाही ना? आणि ते चपलेचे तुकडे उचल, पाहुण्यांच्या पायात येतील."

पाहुण्यांच्या पायात. अन् माझा पाय?

उचलले तुकडे. मग शेडमध्ये जाऊन ती वायर उपटली. उद्या मशीन परत बंद पडंल, परत बोलणी खाईन. पडू दे बंद. मी पडल्यावर तरी थांबंल.

उरलेली एक चप्पल मॅनेजरच्या दारात ठेवून आलोय. तिच्यावर वायर. सकाळी दार उघडंल तेव्हा दिसंल.