आईच्या कोंबड्यांचं औषध

बाबा,

मी आईचा डबा घेऊन हॉस्पिटलात चालली. उरल्याच्या कारखान्यातून ड्युटी संपवून आले की आधी कोंबड्यांकडे पाहा. पांढरीही सकाळी मेली. आता चारच राहिल्या, अन् तांबडी मान टाकून बसून राहिली. तिच्या शिटेत शेवयांसारखे लांब जंत निघाले. तुमच्या लसणाच्या पाण्यानं काही झालं नाही, बाबा. आता तो हट्ट सोडा.

जनावरांच्या डॉक्टरनं दिलेलं जंताचं औषध ओट्यावर आहे. सकाळपासून मी त्यांचं पाणी काढून ठेवलं, म्हणजे तहानेनं तरी औषधाचं पाणी पितील. चिठ्ठीवर लिहिलं आहे तेवढंच टाका, अंदाजानं नको. तांबडी आपल्या मनानं पिणार नाही. तिले मांडीवर घ्या अन् चोचीच्या बाजूनं थेंब थेंब पाजा. डॉक्टर हो म्हणेपर्यंत अंडी पाऱ्यात शेजारीपाजारी कोणाले देऊ नका.

काल मी तुमच्यावर ओरडली, "तुमच्यामुळंच मरून राहिल्या" म्हणून. राग कोंबड्यांचा नव्हता. माफ करा.

आई रोज विचारते, "दीक्षा, माझ्या कोंबड्या बऱ्या आहेत ना?" अन् मी हव म्हणून देते. आज मी तिले खरं सांगणार आहे. पण मोठ्या डॉक्टरनं तिच्या दुखण्याबद्दल आपल्याले जे सांगितलं, ते तुम्ही सांगा. संध्याकाळी नक्की या. माझ्याच्यानं ते होत नाही, बाबा.

दीक्षा