फळीवरच्या शिंका

प्रिय ढलपी,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तर दिलं नाही, कारण मी फुगून बसलो होतो. सुट्टीत तुमच्या नातीला, छकुलीला, घेऊन येईन, पण उतरेन चौकातल्या लॉजमध्ये, असं तू लिहिलंस आणि माझं डोकंच फिरलं. बापाचं घर दोन मिनिटांवर असताना लॉज! तुझी आई म्हणाली, तिला इथलं मानवत नाही हो, दर वेळी आजारी पडते. मी म्हणालो, मानवत नाही म्हणजे आवडत नाही. मग दोन दिवस आईशीही अबोला धरला. तुझा बाप कसा आहे हे तुला नव्यानं सांगायला नको.

आता नीट बसून वाच, कारण पुढे माझी फजिती आहे आणि ती तुला आवडेल.

गेल्या हिवाळ्यापासून मला शिंका लागल्या. एकदोन नव्हेत, आठदहांची माळच. नाकातून पाण्याची धार, डोळे चुरचुरतायत, टाळूला आतून खाज, आणि संध्याकाळी छातीत बोथट करवत चालावी तशी घरघर. मी म्हणालो, सर्दी. आईनं वाफारे दिले, शेजारच्या शिंप्यानं तीन औषधं सुचवली, मी तिन्ही घेतली. सर्दी आठवड्यात जाते, ही बया तीन महिने मुक्काम ठोकून बसली. शेवटी एका कपाटाचं माप घेताना असा शिंकलो की टेप हातातून सुटला आणि कपाट दोन बोटं आखूड झालं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा! त्या दिवशी आईनं मला जवळजवळ ओढतच दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई तुझ्याच वयाच्या. ताप येतो का? नाही. नाकातलं पाणी घट्ट, पिवळं होतं का? नाही. आणि सुट्टीच्या दिवशी? इथे मला कबूल करावं लागलं की सुट्टीच्या दिवशी मी ठणठणीत असतो. त्या म्हणाल्या, ही सर्दी नाही, ॲलर्जी दिसते. मी म्हटलं, ते शिकल्यासवरल्यांचं दुखणं, सुताराला कुठलं? त्या हसल्या. म्हणाल्या, काका, शरीर कधीकधी साध्या, निरुपद्रवी गोष्टीलाच शत्रू समजतं आणि साप साप म्हणून भुई धोपटत सुटतं. शिंका, खाज, अंगावरच्या गांधी, धाप, सगळं त्या धोपटण्यातून येतं. कुणाला फुलांच्या परागांनी होतं, कुणाला शेंगदाण्यानं, कुणाला मांजरानं. ज्या लाकडानं जन्मभर पोसलं ते आता कसं उलटेल, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, वर्षानुवर्षं चाललेली गोष्टसुद्धा एखाद्या दिवशी शरीराला चालेनाशी होते. शिवाय हा कल बरेचदा घराण्यात असतो. घरात आणखी कुणाला आहे का? मी छाती काढून सांगितलं, कुणालाच नाही. आईनं मला कोपरानं ढोसलं.

बाईंनी तीन आठवडे नोंद ठेवायला सांगितली. वहीशी माझं कधी जमलं नाही, म्हणून कानावरची पेन्सिल काढून दुकानाच्या दाराजवळच्या फळीवर लिहायला लागलो. आज लाकूड कोणतं आणि शिंका किती. आंबा, एक. सागवान, दोन. देवदार, तीन. शिसवी, एकोणतीस! आई रोज संध्याकाळी सामन्याचे आकडे बघावेत तशी फळी वाचायला यायची आणि गालातल्या गालात हसायची.

आणि मग गेला रविवार. दुकान बंद, रंध्याला हात नाही, तरी आकडा चौतीस. आईनं विचारलं, आज काय घासलंत? मी म्हटलं, काही नाही गं, ढलपी सुट्टीत येणार ना, तिचा पलंग.

तो पलंग शिसवीचा. तू नववीत असताना केलेला, माझ्या हातचं सगळ्यात देखणं काम. तू येणार म्हटलं की आदल्या दिवशी मी तो पॉलिश पेपरनं घासतो, नवं पॉलिश चढवतो, आणि रस्त्यावरची धूळ बसू नये म्हणून खिडक्या गच्च लावून घेतो. दुसऱ्या दिवशी तू त्यावर झोपतेस, सकाळी डोळे सुजलेले, आवाज बसलेला, आणि तिसऱ्या दिवशी बॅग भरलेली. लहानपणी दुकानात तू शिंकायला लागलीस की मी गिऱ्हाइकांना हसून सांगायचो, कामाचं नाव काढलं की आमच्या लेकीला शिंका येतात. पुढे तू दुकानात यायचीच बंद झालीस. लाकडाच्या ढलप्या गोळा करत दिवसभर माझ्या पायात घुटमळणारी पोर, म्हणून तर तुझं हे नाव पडलं. मी फळीसमोर खालीच बसलो. चुकलो गं, पोरी.

म्हणून हे पत्र. पलंग शिंप्याला देऊन टाकला, त्याच्या घरी कुणी शिंकत नाही. शिसवीचं काम बंद, तोंडावर मास्क, आणि डॉक्टरीणबाईंनी दिलेलं तोंडानं ओढायचं औषध मी शहाण्यासारखं घेतो. घरातून दुकानात जाणारं दार कायमचं लावून फटी बुजवल्या, आणि तुझी खोली ओल्या फडक्यानं तीनदा पुसली. तिथे आता लोखंडी पलंग आहे, बाजारातून विकत आणलेला! चौघांनी तो उचलून आणला तेव्हा अख्खी गल्ली बघायला उभी. लोहार मिशीत हसत म्हणाला, सुताराच्या घरी लोखंड? मी म्हटलं, माझ्या मुलीला हे लाकूड चालत नाही. हे मी वीस वर्षांपूर्वी म्हणायला हवं होतं. तू तुझी तपासणी तिकडे रीतसर करून घे, माझ्या फळीवर विसंबू नकोस. लॉजची खोलीही राहू दे. फक्त एका दुपारी तासभर इथे येऊन बस. शिंक आली तर तुझी बॅग मी स्वतः लॉजवर पोचवीन, न फुगता. आणि नाही आली तर फळीवर शेवटच्या ओळीत तुझं नाव लिहून ठेवलंय. पुढे शून्य तेवढं तुझ्या हातानं काढ.

तुझाच,
शिंकरा बाबा