एब्बाला बर्फ ऐकू आला, त्याची हकीकत

प्रिय थूरेदादास,

धाकट्या हेडविगचा गुडघे वाकतील तेवढा नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? वहिनी अजून थंडीत समुद्रात डुंबायला जाते का? आणि तू काठावर टॉवेल धरून उभा राहतोस की गाडीतच बसून हॉर्न वाजवतोस? इथे आम्ही सगळे मजेत. (सगळे म्हणजे मी.) फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हे पत्र.

विषय एब्बाचा. माझी शेजारीण, चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची ती. गेल्या शरदात तिच्या कानांनी दगा दिला. वरचे सूर ऐकू येईनात. तिने ऑर्गनचं झाकण लावलं, किल्ली पाद्रीबुवांच्या हातात ठेवली आणि घरी येऊन पडदे ओढून बसली. कॉफीला बोलावलं तर म्हणे, "नको गं, कपबशी वाजलेली कळत नाही, कॉफी प्यायल्यासारखं वाटतच नाही." दालचिनीचे पाव भाजून पाहिले, सगळी गल्ली आली, ती आली नाही. शेवटी माझ्याजवळ उरलं काय? माझा छंद! (ज्याला तू "हेडविगचा तारांचा गुंता" म्हणतोस.) मी तिला खोटंच सांगितलं, की पाण्याखालचा मायक्रोफोन बनवतेय, पण हात थरथरतो, जरा सोल्डरिंग करून दे. गरजवंताच्या हाकेला ती आली.

बनवायचं ते सोपं असतं, दादा. गाणाऱ्या ग्रीटिंगकार्डात असते तसली पितळी चकती, तिला कथील वितळवून दोन तारांचे डाग द्यायचे, वर रबराचा लेप, पुढे आवाज मोठा करणारी डबी आणि हेडफोन. पण एब्बाचा डाग काही बसेना. कथील वितळायचंच नाही. मी कथलाला शिव्या दिल्या, दुकानदाराला दिल्या, तिने स्वतःला दिल्या. "माझ्यात आता काही राहिलं नाही," म्हणून ती उठायला लागली, तेव्हा माझं लक्ष टेबलाखाली गेलं. दादा, ही बाई डाग देताना पायांनी ऑर्गन वाजवत होती! जन्माची सवय. हात कामाला लागले की पाय ऑर्गनच्या खालच्या, पायांनी दाबायच्या पट्ट्या शोधतात, आणि तिथे नेमकं माझ्या वायरबोर्डाचं बटण. दर चार ठोक्यांना वीज बंद. मी हसून हसून खुर्चीवरून घसरले. ती आधी चिडली, मग तीही हसली. त्या शरदानंतर पहिल्यांदा. मग बूट काढून मांडी घालून बसली आणि असा डाग दिला, दादा, की मण्यासारखा चकाकत होता. माझे डाग त्याच्यापुढे च्युइंगमसारखे दिसतात. (हे कुणाला सांगू नकोस.)

हेडफोन लावला तर नुसती घरघर. मी म्हटलं, फसलं. एब्बाने कानातली यंत्रं काढून ठेवली, हेडफोन घट्ट दाबला, आणि डोळे मिटून म्हणाली, "हा खालचा जी सूर. पण किंचित चढा आहे. हेडविग, तुझ्या घरातली वीज बेसूर आहे गं." पुस्तकात सुरांची कंपनं काढून पाहिली: तो जी सेकंदाला एकोणपन्नास, आणि आपली वीज पन्नास. खरंच तसं निघालं! इतकी वर्षं मी त्या घरघरीला शिव्या घालत आले, तिला सूर आहे हे मला ठाऊकच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तळ्यावर गेलो. बर्फाला भोक पाडलं, चकती खाली सोडली. मी एब्बाच्या तोंडाकडे बघत बसले. आधी काहीच नाही. मग तिचा हात एकदम हवेत गेला, गप्प बस म्हणून. (मी काही बोलत नव्हते.) ऊन उतरत होतं, गारठा वाढत होता, तसा सगळा बर्फ या काठापासून त्या काठापर्यंत ताणला जात होता आणि गात होता. मीही दुसरा हेडफोन लावला. लांबून एक सूर सुटायचा, घसरत घसरत आपल्या पायाखालून जायचा आणि पलीकडच्या झाडांखाली बुडायचा. मग खोल, इतका खोल गडगडाट, की तो कानाने नाही, दातांनी ऐकू यायचा. एब्बाने हळूच विचारलं, "हे वाजवतंय कोण?" मी म्हटलं, "कुणीच नाही." ती बर्फावर आडवी झाली, गाल टेकवला. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तिथल्या तिथे गोठत होतं. "अगं, मला सगळं ऐकू येतंय," म्हणाली. "यातलं काहीसुद्धा सुटत नाहीये." मी ऐकलेलं आहे ते अनेकदा, पण त्या दिवशी मलाही पहिल्यांदाच ऐकू आलं असं वाटलं.

वहिनीला आठवण सांग.

तुझी,
हेडविग

ता.क. एब्बाने पाद्रीबुवांकडून किल्ली परत आणली. ते बर्फाचं गाणं तिला पायांनी वाजवून बघायचंय. चर्चच्या काचा थरथरतात, पण कुणी तक्रार केलेली नाही.

आणखी ता.क. तिने त्या डबीला हेडफोनऐवजी मोठा कर्णा जोडलाय, आणि रविवारी प्रार्थनेनंतर सगळ्या मंडळींना तळ्यावर बोलावलंय. पाद्रीबुवाही येणार. त्यांचा देह तू पाहिलायस.

शेवटचं ता.क. खरं विचारायचं ते हेच. तू जन्मभर बर्फावर बसून मासे धरलेस. वीतभर जाडीचा बर्फ इतक्या माणसांना एका जागी पेलेल का? रविवारच्या आत फोन कर, आणि या वेळी तूच बोल. एब्बाला विचारून उपयोग नाही. ती म्हणते, माणसं जड असली की खालचे सूर जास्त छान लागतात.