जाळ्यामागची खुर्ची

प्रिय बाबा,

या शनिवारी ईराची फुटबॉलची फायनल आहे आणि तुमची नात खेळणार नाही म्हणते. रुबेनचं समजावून झालं, कोच घरी येऊन गेली, मी तर रोजच डोकं फोडतेय. ती ऐकत नाही. तुम्हाला जाऊन महिना होत आला, आणि या घरात जिचं ती ऐकते अशी एकच व्यक्ती होती, ती निघून गेली. मग मी कुणाला लिहू?

तुम्हाला मराठी वाचता येत नव्हतं, ठाऊक आहे मला. पण मी नागपूरला आईशी फोनवर बोलायला लागले की तुम्ही मुद्दाम किचनमध्ये येऊन बसायचात. फोन ठेवला की विचारायचात, "व्हाय मदर इज सॅड टुडे, फिल्या?" एक शब्द कळायचा नाही आणि अंदाज मात्र कधी चुकायचा नाही! तेव्हा हेही कळेल. रडताना माझं इंग्लिश मला सोडून जातं, आणि माझं पोर्तुगीज 'जेवलात का' याच्या पुढे कधी गेलंच नाही.

फिल्या. मुलगी. सून म्हणून तुम्ही मला कधी हाक मारलीच नाही. मीही पहिल्या दिवसापासून बाबाच म्हणत आले.

खरं सांगू? लग्न झालं तेव्हा तुम्ही कोण आहात हे मला नीट माहीतच नव्हतं. रुबेन म्हणाला होता, "पप्पा फुटबॉल खेळायचे." आमच्याकडे काका क्रिकेट खेळायचे तसं असेल, असं मी धरून चालले. मग सासूबाई गेल्या आणि तुम्ही ब्राझील सोडून इथे एटोबिकोला आमच्याकडे राहायला आलात. पहिल्याच रविवारी तुम्हाला ब्राझिलियन बेकरीत घेऊन गेले, तर कॉफी पिणारे म्हातारे एकामागोमाग एक उठून उभे राहिले! एक जण तर तुमचा हात हातात घेऊन रडायलाच लागला. आणि सगळे ओरडत होते, "मामांव! मामांव!" गाडीत बसल्यावर मी अर्थ विचारला. तुम्ही सीटबेल्टशी झटापट करत गंभीरपणे म्हणालात, "पपाया."

देशाचा गोलकीपर, आणि लोक त्याला पपई म्हणून हाक मारतात! मी हसून हसून बेजार झाले होते.

तुमची ती बोटं, बाबा. किती वेळा मोडली आणि किती वेळा वेडीवाकडी जुळली, तुम्हालाच आठवत नव्हतं. एवढे मोठमोठे फटके अडवलेल्या हातांना जॅकेटची चेन लावता येत नव्हती. थंडी सुरू झाली की रोज सकाळी तुम्ही दाराशी मुकाट उभे राहायचात आणि मी चेन वर ओढायचे. पहिल्या वर्षी किती संकोचायचात! नंतर हनुवटी वर करून लहान मुलासारखे उभे राहायला लागलात. आणि तेवढ्या वेळात काहीतरी सांगायचात. तुमचं सगळं आयुष्य मी असं चेन लावता लावता ऐकलं आहे.

तुमच्या आईच्या परसातल्या पपया तिथेच ऐकल्या. ती काठीनं पपई ढोसायची आणि तुम्ही खाली उभे राहून झेलायचात. घट्ट धरली तर डाग पडणार, सैल धरली तर फुटणार. तीच पपई विकून घर चालायचं, तरी एखादी फुटली तर आई ओरडायची नाही. वर बघूनच म्हणायची, "प्रॉसिमा." पुढची. तुम्ही खाली बघत बसलात तर वरून दुसरी डोक्यात पडायची. म्हणून पुढची.

आणि ती फायनल. पेनल्टी अडवून कप जिंकून दिलात त्याचा फोटो त्या बेकरीत अजून भिंतीवर आहे, पण त्याबद्दल तुम्ही कधी बोलला नाहीत. सांगितलंत ते दुसऱ्याच फायनलचं. पाऊस, ओला बॉल, आणि हातात आलेला बॉल निसटून मागे गेला. त्यानंतर म्हणे गावच्या बाजारात एका भाजीवाल्यानं तुमच्या अंगावर पपई भिरकावली, "निदान ही तरी धर!" मी चेन अर्धवट सोडून विचारलं, "मग?"

"आय कॅच," तुम्ही म्हणालात. "आय पे. आय टेक होम. व्हेरी स्वीट."

असं कसं हो जमायचं तुम्हाला? मला तर ऐकूनच त्या भाजीवाल्याचा गळा धरावासा वाटला होता. पुढे कित्येक वर्षं तुम्ही खेळत राहिलात, आणि त्याच गावानं तुम्हाला खांद्यावर घेतलं. तेही तुम्ही सांगितलं नाहीत. रुबेनकडून कळलं.

ईरानं ग्लोव्ह्ज मागितले तेव्हा मी नको म्हणत होते. तुम्ही एका शब्दानं हो म्हणाला नाहीत की नाही म्हणाला नाहीत. फक्त घडीची खुर्ची घेऊन तिच्यामागे गेलात. बाकी आईबाप बाजूच्या रेषेवर ब्लँकेटं पांघरून आरडाओरडा करायचे, आणि तुम्ही एकटे गोलच्या मागे, जाळ्याला लागून. "गोलकीपर हॅज नोबडी बिहाइंड," एवढंच कारण दिलंत. तिथे बसून ना सूचना, ना टाळ्या. गोल झाला की एकच शब्द. प्रॉसिमा.

तो नमस्काराचा गोल आठवतो? लहान होती ईरा. समोरच्या मुलीच्या पायातून बॉल काढताना तिचा पाय त्या मुलीला लागला. झालं! आमच्या आईनं लावलेली सवय. बॉल समोर पडलेला, आणि ही वाकून त्या मुलीच्या खांद्याला हात लावून नमस्कार करतेय! दुसऱ्या मुलीनं आरामात गोल मारला. कोचनं डोक्याला हात लावला, मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं, आणि जाळ्यामागून तुमचं शांत "प्रॉसिमा." घरी आल्यावर मात्र तुम्ही मला बसवून त्याचा अर्थ समजून घेतलात. पाय लागला तर समोरच्यातल्या देवाला लागतो, असं मी कसंबसं सांगितलं. तेव्हापासून टेबलाखाली चुकून पाय लागला की तुमची ती वाकडी बोटं आधी माझ्या हाताला आणि मग तुमच्या छातीला लागायची. घरात जन्मापासून मराठी असलेल्यांनाही आठवण करून द्यावी लागते, तुम्हाला कधीच द्यावी लागली नाही.

आता भांडणाचं. बाबा, त्या दिवशी सकाळी मी तुमची चेन लावली. थर्मास भरून दिला. तेव्हा का बोलला नाहीत? सांगायला काय झालं होतं? ईरानं ती मॅच जिंकली, तुम्ही कधी नव्हे ते टाळ्या वाजवायला उठलात, खाली बसलात आणि मग उठलाच नाहीत. हॉस्पिटलात डॉक्टरनं विचारलं छातीत कधीपासून दुखतंय, तर म्हणालात, "सिन्स ब्रेकफास्ट." आणि शेजारी तुमची नात उभी होती, अंगावर चिखलाचा शर्ट, हातात ग्लोव्ह्ज! तिनं ऐकलं, बाबा. तेवढंच तिनं ऐकलं आणि तेवढंच धरून बसली आहे.

"इफ आय डिडन्ट हॅव अ गेम, ही वुड्'व टोल्ड यू," असं म्हणते ती. माझी मॅच नसती तर व्होव्होनं, आजोबांनी, तुला सांगितलं असतं. आणि ते खरं आहे! मला तुमचा राग येतो, इतका राग येतो, की तुमच्या खोलीत जाऊन ओरडावंसं वाटतं. आणि मग दाराशी तुमचं जॅकेट दिसतं.

शेवटच्या त्या दुपारी मी तुमच्या पायावर पांघरूण सारखं करत होते. तुमचा पाय माझ्या हाताला लागला. डोळे मिटलेले होते, बोलणं थांबलं होतं. नर्सच्या त्या ऑक्सिजन मोजायच्या चिमट्यात तुमचं वाकडं बोट नीट बसत नव्हतं, म्हणून तिनं तो कानाला लावला होता. आणि तो वाकड्या बोटांचा हात वर यायला लागला. अर्ध्यावर आला आणि थांबला. मी म्हटलं, "असू द्या बाबा, असू द्या." तुम्ही ऐकलंत का? एवढं तरी सांगा.

तुमच्या सातव्या दिवसाच्या प्रार्थनेला चर्चमध्ये आम्ही सगळे रडलो. ईरा रडली नाही. तिनं घरी येऊन ग्लोव्ह्ज डोनेशनच्या पिशवीत टाकले.

काल शाळेतून आली तेव्हा मी ग्रोसरी लावत होते. सवयीनं दोन पपया आणल्या होत्या, तुम्ही दर आठवड्याला निवडायचात तशा. ती टेबलाशी फोनमध्ये डोकं घालून बसली. मी तिला तुमच्या आईची गोष्ट सांगायला लागले, ती काठी, ते परस. तिला ही ठाऊकच नव्हती. तिच्यासाठी प्रॉसिमा हा मैदानावरचा शब्द होता. तिनं फोन खाली ठेवला, पण चेहरा तसाच, दगड. मला काय सुचलं कोण जाणे. "ईरा, धर!" म्हणाले आणि हातातली पपई फेकली.

तिचे हात पुढे आले, बाबा. अगदी तुमच्यासारखे, सैल आणि तयार. आणि मध्येच तिनं ते मागे घेतले.

पपई फरशीवर फुटली. बिया फ्रीजखालपर्यंत गेल्या. आम्ही दोघी बघत राहिलो. मी तो शब्द म्हणायला तोंड उघडलं, तोवर म्हणाली तीच. हळू, तुमच्या त्या घोगऱ्या आवाजात, "प्रॉसिमा." आणि मग अशी रडली, अशी रडली, की मी तिला धरून तिथेच त्या चिखलात बसले. "ही शुड्'व टोल्ड यू, आई," पुन्हा पुन्हा म्हणत होती. मी म्हटलं, "हो ग. सांगायला हवं होतं त्यांनी. चूक त्यांची होती, तुझी नाही." रागावू नका. आजवर तुमची चूक मी कधी काढली नव्हती, काल तिच्यासाठी काढली.

बऱ्याच वेळानं तिनं नाक पुसलं. वर काउंटरकडे बघितलं आणि विचारलं, "इज देअर अनदर वन?"

दुसरी तिनं झेलली. एक डागसुद्धा पडला नाही.

शनिवारी खेळणार की नाही ते अजून बोलली नाही. पण आज सकाळी ती डोनेशनची पिशवी हलकी लागली.

तेव्हा बाबा, माझा शब्द घ्या. तिच्याकडे बॉल आला की मी डोळे मिटते, हे तुम्हाला ठाऊक आहे. शनिवारी मी तुमची खुर्ची घेऊन गोलच्या मागे बसेन, जाळ्याला लागून, तुमचं जॅकेट घालून, आणि डोळे उघडे ठेवीन. गोल झाला तर एकच शब्द म्हणेन. ती आली नाही, तरी मी जाऊन बसेन. निघताना तुमच्या जॅकेटची चेन मीच लावीन, आणि तुमचा अर्ध्यावर राहिलेला तो हात माझ्या हातानं छातीपर्यंत नेईन.

तुमची फिल्या,
वृंदा