रॉबर्टने गिझरला हात लावू नये

मी, मटिल्डा सिप्रियन लोपीस, वय एकाहत्तर, राहणार पापडी, वसई, जिल्हा पालघर. डोकं ठिकाणावर आहे, कोणी दटावलेलं नाही. अक्षर वाकडं आलंय ते संतापाने. माझ्यामागे काय व्हावं ते लिहून ठेवते.

१. राहतं घर मुलगा रॉबर्ट याला. अट एकच: गिझर आणि वॉशिंग मशीन त्याने स्वतः उघडू नये. माझे यजमान सिप्रियन त्या गिझरपायीच गेले. आमच्या विहिरीचं पाणी मचूळ, कॉइलवर क्षार चढतो. ते कॉइल काढून ताडीच्या सिरक्यात बुडवायचे नि तीच परत बसवायचे. पुढे बोर्डावरचा सुरक्षेचा स्विच सारखा पडायला लागला, तर कॉइल बदलायची सोडून त्यांनी स्विचच काढून टाकला. "बघ, आता पडतो का!" म्हणाले. दुसऱ्या सकाळी अंघोळीला गेले ते गेलेच.

२. त्यांची अवजारांची पेटी दीर व्हॅलेरियन यांना. मयताला आले तेव्हा "काय हात होता सिप्रियनचा!" म्हणून सगळ्यांपुढे गहिवरले होते. न्या म्हणावं घरी. रॉबर्टला त्यातली पकडसुद्धा देऊ नये.

३. पतपेढीतली ठेव गिरीजला दिलेली मुलगी इझाबेल हिला. तिने आधी या घराला नीट अर्थिंग करून घ्यावं. मी वायरमन दोनदा बोलावला, रॉबर्टने दारातूनच परत पाठवला. "पपांच्या घरात बाहेरचा माणूस कशाला? मी व्हिडिओ बघितलाय ना." मशीनला हात लावला की झिणझिण्या येतात. त्यावर त्याचा उपाय काय, तर "मम्मी, रबरी चप्पल घालत जा." बाप गेला तरी अक्कल येत नाही, याला काय म्हणावं? फादरांनीही समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी.

४. वकीलबाई स्वप्ना म्हणाल्या, "मावशी, रॉबर्ट तुमच्याआधी गेले तर घर कुणाला, तेही लिहावं लागतं. सगळेच लिहितात." सगळे लिहीत असतील हो. माझा मात्र आत्ता बाथरूममध्ये गिझर उघडून बसलाय. लिहिते: तसं झालं तर घर इझाबेलला. तिने ते पाडून टाकावं.

५. मेन स्विच मी बंद केलाय आणि त्याच्याखाली खुर्ची टाकून बसले आहे. रॉबर्ट आतून ओरडतोय, "मम्मी, लाइट चालू कर, टेस्ट करायचंय!" मी उठणार नाही. साक्षीदारांनी सहीला इथेच यावं. बाकी सगळ्याची वाटणी झाली. माझ्यामागे या खुर्चीत कोण बसणार, ते मात्र मला सुचत नाही.

सही: मटिल्डा सिप्रियन लोपीस

आमच्यादेखत, खुर्चीत बसूनच सही केली:
१. मार्गारेट परेरा, शेजारीण
२. गॉडफ्रे डाबरे, निवृत्त शिक्षक

ठिकाण: पापडी, मेन स्विचखाली
तारीख: १४ डिसेंबर २०२४